कोणाचा पट, कोणाचा निकाल

२५, ५० आणि २५. लंडनच्या मध्यवर्ती भागातल्या माध्यमिक शाळांचं प्रवेशाचं गणित १९७० च्या दशकात या तीन आकड्यांवर बांधलेलं होतं. प्राथमिक शाळा संपवून अकराव्या वर्षी पुढे येणाऱ्या मुलांचे चाचणीवरून तीन गट करायचे. वरचे पंचवीस टक्के, मधले पन्नास, खालचे पंचवीस. मग प्रत्येक माध्यमिक शाळेच्या पटात हे तिन्ही गट शक्यतो याच प्रमाणात बसवायचे. इनर लंडन एज्युकेशन ऑथॉरिटी ही या भागातल्या शाळांची सरकारी यंत्रणा हे प्रमाण राखू पाहत होती, आणि अशा सर्व थरांतल्या मुलांना एकाच छपराखाली घेणाऱ्या शाळेला तिथे ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ म्हणत, अजूनही म्हणतात.

पूर्व लंडनमधल्या हॅकनी डाउन्स या शाळेत हे प्रमाण कधी जुळलंच नाही. १९९५ मध्ये जवळपास २०० मुलगे उरले असताना सरकारने ती बंद केली. वर्तमानपत्रांनी तोवर तिला देशातली सर्वांत वाईट शाळा ठरवून टाकलं होतं. २००४ मध्ये त्याच जागेवर मॉसबोर्न नावाची शाळा उघडली आणि २००९ मध्ये तिच्या पहिल्या तुकडीतल्या ८० टक्क्यांहून जास्त मुलांनी सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत पाच विषयांत चांगली श्रेणी मिळवली. एकाच भूखंडावर, चौदा वर्षांच्या अंतराने, हे दोन टोकांचे आकडे. याचं प्रचलित उत्तर ‘कडक मुख्याध्यापक आला आणि शाळा सुधारली’ असं आहे. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. निकालाच्या आकड्याआधी पटाचे आकडे पाहिले, तर इंग्लंडच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळेची ऐंशी वर्षांची गोष्ट बरीच वेगळी दिसते.

सुरुवात १९४४ पासून करावी लागते. त्या वर्षीच्या शिक्षण कायद्याने माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत केलं, आणि १९४७ पासून शाळा सोडण्याचं किमान वय १५ झालं. कायद्यात कुठेही शाळांचे तीन प्रकार लिहिलेले नव्हते, पण अंमलबजावणी तीन प्रकारांनीच झाली. पुस्तकी हुशारीच्या मुलांसाठी ग्रामर, तांत्रिक कल असलेल्यांसाठी टेक्निकल, उरलेल्यांसाठी सेकंडरी मॉडर्न. टेक्निकल शाळा फारशा निघाल्याच नाहीत. त्यांच्या वाट्याला शंभरातली तीन-चार मुलंही आली नाहीत. म्हणजे व्यवहारात दोनच रस्ते उरले आणि कोणी कोणत्या रस्त्याने जायचं ते अकराव्या वर्षी एका परीक्षेने ठरायचं. ही ‘इलेव्हन-प्लस’. देशभराचा हिशेब धरला तर साधारण पाचांतलं एक मूल ग्रामरमध्ये जात असे.

‘देशभराचा हिशेब’ हे शब्द मात्र फसवे आहेत. ग्रामरच्या जागा किती, हे त्या भागात पूर्वी किती शाळा बांधून ठेवल्या होत्या यावर अवलंबून होतं. काही काउंट्यांमध्ये शंभरातल्या चाळिसांना जागा मिळे, काही औद्योगिक शहरांत जेमतेम दहांना. तेच गुण मिळवणारं मूल एका गावात ‘हुशार’ आणि दुसऱ्या गावात ‘नापास’. त्यावर आणखी एक गंमत, म्हणजे मुलींच्या पालकांसाठी अजिबात गंमत नसलेली: अकराव्या वर्षी मुली सरासरीने मुलांपेक्षा जास्त गुण मिळवत, पण मुलींच्या ग्रामरमध्ये जागा बेताच्या, म्हणून अनेक ठिकाणी मुलींची पात्रता-रेषा मुलांपेक्षा वर ठेवली जाई.

१९५७ मध्ये राष्ट्रीय शिक्षण संशोधन संस्थेने या परीक्षेचाच अभ्यास करून सांगितलं की शक्य तितकी काळजी घेऊनही साधारण १० ते १२ टक्के मुलं चुकीच्या शाळेत जातात. परीक्षेच्या दृष्टीने हा आकडा वाईट नव्हता. पण युद्धानंतर मुलं भरपूर जन्मली होती; १९४७ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये ८ लाख ८० हजारांच्या आसपास जन्म झाले. ही मुलं १९५८ मध्ये अकरा वर्षांची झाली. दहा टक्क्यांचा अर्थ आता दरवर्षी हजारो मुलं असा होता. शिवाय चूक झालेलं मूल कुठलं हे कुणालाच ठाऊक नसल्याने सेकंडरी मॉडर्नमध्ये गेलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी तीच शंका.

माझ्या मते कॉम्प्रिहेन्सिव्हचा खरा जोर या शंकेतून आला. समतेच्या तत्त्वाने तिला भाषा दिली, मतं दिली ती नापासांच्या पालकांनी. शंभरातली ऐंशी मुलं नापास ठरवणारी कोणतीही पद्धत लोकशाहीत फार काळ तग धरत नाही, विशेषतः त्या ऐंशींत डॉक्टर-वकिलांची आणि दुकानदारांची मुलंही असतात तेव्हा.

ब्रिटनमधली पहिली कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणून वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या होलीहेडचं नाव घेतात, साल १९४९. तिथे कारण तत्त्वाचं कमी आणि विरळ वस्तीचं जास्त होतं: दोन अर्धवट भरलेल्या शाळा चालवण्यापेक्षा एक पूर्ण भरलेली बरी. लंडनमध्ये खास कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणून बांधलेली पहिली शाळा १९५४ ची, किडब्रुक. मुलींची. प्रचंड मोठी शाळा. तिच्या पटाचे आकडे १,७०० ते २,००० च्या घरातले. या आकाराची खूप थट्टा झाली, ‘कारखाना’ म्हणून हिणवलं गेलं. पण आकारामागे साधा गुणाकार होता. सोळानंतर पुढे शिकणारी मुलं तेव्हा फार थोडी. शंभरातली पंधरा थांबतील असं धरलं आणि शाळेत वर्षाला १५० मुलं घेतली, तर पुढच्या वर्गाला बावीस-तेवीस जण. त्यांच्यात कुणाला भौतिकशास्त्र हवं, कुणाला फ्रेंच, कुणाला इतिहास. एकेका विषयाला चार-पाच डोकी, आणि शिक्षक तर प्रत्येक विषयाचा हवा. वर्षाला ३०० घेतली की हे गणित जमायला लागतं. तीस मुलांच्या दहा तुकड्या, पाच इयत्ता, म्हणजे १,५००, वर सोळानंतरचे वर्ग.

किडब्रुकच्या जन्मकथेत पुढच्या चाळीस वर्षांचं दुखणं दडलेलं आहे. लंडन काउंटी कौन्सिलचा बेत जवळचं एल्थम हिल हे मुलींचं ग्रामर किडब्रुकमध्ये मिळवून टाकण्याचा होता. पालकांनी विरोध केला आणि शिक्षणमंत्री फ्लॉरेन्स हॉर्सब्रू यांनी परवानगी नाकारली. त्यामुळे सर्वांसाठी म्हणून बांधलेली शाळा पहिल्याच दिवशी वरच्या थरातल्या बऱ्याच मुलींशिवाय उघडली. पाटी कॉम्प्रिहेन्सिव्हची, पट अर्धवट.

मग लाट आली. १२ जुलै १९६५ रोजी मजूर पक्षाचे शिक्षणमंत्री अँथनी क्रॉसलंड यांनी ‘१०/६५’ हे परिपत्रक काढलं. त्यात स्थानिक संस्थांना ‘विनंती’ होती, हुकूम नव्हता. तेव्हा दहांतलं एक मूलही कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये नव्हतं. १९७० मध्ये प्रमाण ३२ टक्के झालं, १९७४ मध्ये ६२. या दोन सालांच्या मधल्या शिक्षणमंत्री कोण? मार्गारेट थॅचर. पद हाती येताच त्यांनी १०/६५ मागे घेतलं, पण कॉम्प्रिहेन्सिव्हसाठी आलेल्या ३,६१२ प्रस्तावांपैकी नाकारले फक्त ३२६. ग्रामर वाचवण्याची भाषा करणाऱ्या पक्षाच्या काळात ग्रामर सर्वाधिक वेगाने संपली, कारण प्रस्ताव त्यांच्याच पक्षाच्या ताब्यातल्या काउंट्यांमधूनही येत होते, आणि त्या काउंट्यांतही नापासांचे पालक होतेच. १९८० पर्यंत पाचांतली चारहून जास्त मुलं कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये होती. १९६० च्या दशकाच्या मध्याला इंग्लंड-वेल्समध्ये जवळपास १,३०० ग्रामर होती. आज इंग्लंडमध्ये १६३ आहेत.

हॅकनी डाउन्स या लाटेत १९६९ मध्ये आली. त्याआधीची तिची कीर्ती मोठी. ग्रोसर्स कंपनी या मसाल्या-किराण्याच्या व्यापाऱ्यांच्या मध्ययुगीन संघाने १८७६ मध्ये ती काढली. १९०६ मध्ये लंडन काउंटी कौन्सिलने ती ताब्यात घेतली. पुढे पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांची मुलं तिथे मोठ्या संख्येने शिकली. शिंप्याचा मुलगा हॅरॉल्ड पिंटर १९४४ ते १९४८ इथे होता. इंग्रजीचे शिक्षक जो ब्रियर्ली यांनी त्याला शाळेच्या नाटकांत उभं केलं आणि २००५ मध्ये त्याला साहित्याचं नोबेल मिळालं. अभिनेता मायकेल केन वर्षभर इथे होता. नाटककार स्टीव्हन बर्कॉफही इथलाच. १९६३ मध्ये आगीत जुनी इमारत मोठ्या प्रमाणात जळाली, तरी शाळेचं नाव शाबूत राहिलं.

ही नावं वाचून ‘ग्रामर होती तेव्हा नोबेल, कॉम्प्रिहेन्सिव्ह झाली तेव्हा टाळं’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो आणि तो अनेकांनी काढलाही. पण १९४४ ची हॅकनी डाउन्स परिसरातल्या मुलांमधून वेचून घेत होती. नंतरची शाळा वेचलेली मुलं घालवून उरलेली घेत होती. मध्य लंडनमधल्या, मुलं निवडून घेणाऱ्या सरकारी शाळा १९७७ पर्यंत चालू होत्या; म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह झाल्यावर पहिली आठ वर्षं वरचे पंचवीस टक्के पूर्ण तिच्या वाट्याला येणं शक्यच नव्हतं. त्यानंतरही चर्चच्या शाळा, मिश्र शाळा, शेजारच्या बरोंतल्या (लंडनच्या प्रशासकीय विभागांतल्या) शाळा असे पर्याय होते, आणि पर्याय वापरतात ते माहितगार पालक.

इथे आणखी एक आकडा मध्ये येतो, ज्याकडे शाळेच्या भांडणात क्वचितच लक्ष जातं: जन्मांचा. १९६४ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये ८ लाख ७६ हजार मुलं जन्मली, १९७७ मध्ये ५ लाख ६९ हजार. तेरा वर्षांत ३५ टक्के घट. १९६४ ची मुलं १९७५ मध्ये माध्यमिक शाळेत आली, १९७७ ची १९८८ मध्ये. म्हणजे ज्या शाळा वाढत्या लोकसंख्येसाठी बांधल्या, त्यांच्यात बरोबर बारा-तेरा वर्षांनी बाकं रिकामी पडू लागली. आणि १९८८ मध्येच, पट तळाला असताना, थॅचर सरकारने शिक्षण सुधारणा कायदा आणून शाळांचा बाजार मांडला. पालकांनी शाळा निवडायची, शाळेने जागा असतील तोवर नाही म्हणायचं नाही, आणि पैसा मुलाच्या मागोमाग जायचा. १९९० मध्ये इनर लंडन एज्युकेशन ऑथॉरिटीच बरखास्त झाली आणि हॅकनीच्या शाळा गरीब, गोंधळलेल्या हॅकनी बरोच्या हाती आल्या. १९९२ पासून निकालांच्या याद्या छापून येऊ लागल्या.

पट उतरणाऱ्या शाळेत काय होतं ते कल्पनेतल्या एका शाळेवर पाहू. इयत्तेत २४० मुलं असताना आठ तुकड्या आहेत. पुढच्या वर्षी २०० आली, त्यापुढे १२०, मग ४०. अनुदान मुलांच्या डोक्यावर, म्हणून ते सहाव्या हिश्श्यावर. पण गणिताचा, विज्ञानाचा, संगीताचा शिक्षक सहावा हिस्सा ठेवता येत नाही. गळकं छप्पर सहावा हिस्सा दुरुस्त करता येत नाही. चांगले शिक्षक दुसरीकडे अर्ज करतात, त्यांच्या जागी बदली शिक्षक येतात. आणि सर्वांत वाईट म्हणजे रिकामी जागा असलेल्या शाळेला नाही म्हणता येत नाही. इतर शाळांनी काढून टाकलेली मुलं, वर्षाच्या मध्यात देशात आलेली निर्वासितांची मुलं, घर बदलत फिरणाऱ्या कुटुंबांची मुलं, सगळी तिथेच पाठवली जातात. त्या वर्षीचा निकाल छापून येतो, आणि पुढच्या वर्षी ४० ऐवजी ३० येतात.

हॅकनी डाउन्सचं साधारण हेच झालं. घरी इंग्रजी न बोलणारी, गरिबीमुळे शाळेत मोफत जेवणाला पात्र असलेली, दुसरीकडून हाकललेली मुलं पटावर वाढत गेली. मुख्याध्यापक बदलत राहिले. शाळेच्या आतही दोष होते. शिक्षकांमधली भांडणं जुनी होती आणि तपासणी अधिकाऱ्यांचे अहवाल वाईट येत होते. बरोने आधी शाळा बंद करायचं ठरवलं, १९९५ मध्ये तो निर्णय फिरवला. तेव्हा केंद्र सरकारने नव्या कायद्याखाली नॉर्थ ईस्ट लंडन एज्युकेशन असोसिएशन हे मंडळ नेमलं. असं हे देशातलं पहिलंच मंडळ. तीनेक महिन्यांत त्याने ‘बंद करा’ असा सल्ला दिला, शिक्षणमंत्री जिलियन शेपर्ड यांनी तो स्वीकारला, पालक न्यायालयात गेले आणि हरले. डिसेंबर १९९५ च्या अखेरीस, शैक्षणिक वर्षाच्या ऐन मध्यात, शाळेला कुलूप लागलं. मुलांना होमर्टन हाउस या शेजारच्या मुलग्यांच्या शाळेत धाडलं. काही वर्षांनी तीही बंद झाली, यावरून दुखणं एका इमारतीपुरतं होतं का याचा अंदाज येतो.

आता मॉसबोर्न. सप्टेंबर २००४. रेल्वेच्या रुळांनी वेढलेल्या त्या त्रिकोणी जागेवर रिचर्ड रॉजर्स यांच्या कार्यालयाने लाकडी सांगाड्याची इमारत उभारली. खर्च सुमारे अडीच कोटी पौंड. उद्योजक क्लाइव्ह बोर्न प्रायोजक, शाळेला नाव त्यांच्या वडिलांचं. मुख्याध्यापक मायकेल विल्शॉ, जे पुढे २०१२ मध्ये देशाचे मुख्य शाळा-तपासनीस झाले. कडक गणवेश, कडक वेळ, वर्गात उठून उभं राहणं, शनिवारचे तास. या शिस्तीचं कौतुक झालं आणि ती मुलांना चिरडते अशी टीकाही.

पण तिच्या पटाकडे पाहा. पहिल्या वर्षी एकच इयत्ता घेतली, दुसऱ्या वर्षी दुसरी. जुन्या शाळेचं एकही मूल वारशाने आलं नाही. शाळा पहिल्यापासून भरलेली, म्हणून वर्षाच्या मध्यात दुसरीकडून येणाऱ्यांना जागाच नाही. मुलांसोबत मुलीही. आणि मुख्य म्हणजे प्रवेश चाचणीतल्या गुणांनुसार गट पाडून, प्रत्येक गटातून ठरावीक वाटा घेऊन. हॅकनी डाउन्सला जे २५-५०-२५ कधी मिळालं नाही, त्याचाच नवा अवतार मॉसबोर्नला मिळाला. पटावर मोफत जेवणाला पात्र मुलं सुमारे ४० टक्के होती, म्हणजे गरीब मुलं वगळून हे यश मिळवलेलं नाही. फरक असा की त्यांच्या शेजारच्या बाकावर बाकीचे थरही होते.

विल्शॉंचं श्रेय यात कमी होत नाही. पण २००२ पासून हॅकनीच्या शाळा बरोकडून काढून लर्निंग ट्रस्ट या स्वतंत्र संस्थेकडे दहा वर्षांसाठी दिल्या होत्या, २००३ पासून ‘लंडन चॅलेंज’ हा शाळा सुधारण्याचा कार्यक्रम राजधानीत चालू होता, आणि हॅकनीत पैसेवाली कुटुंबंही राहायला येऊ लागली होती. एकट्या मुख्याध्यापकाची गोष्ट सांगायला सोपी, म्हणून सांगितली जाते.

संपूर्ण देशाच्या निकालांचं काय? पाच विषयांत चांगली श्रेणी मिळवणारी मुलं १९८८ मध्ये सुमारे ३० टक्के होती, २०१० मध्ये सुमारे ७५. वाढ खरी, पण सगळी नव्हे: मधल्या काळात समकक्ष म्हणून धरलेले बरेच सोपे अभ्यासक्रमही या मोजणीत शिरले होते. १९६० च्या सुमारास शंभरातली पाचच्या आसपास मुलं विद्यापीठात जात, शतकाच्या अखेरीस एक-तृतीयांश. ही वाढ कॉम्प्रिहेन्सिव्हमुळे झाली असं सिद्ध करता येत नाही. पण कॉम्प्रिहेन्सिव्हने मुलांचं वाटोळं केलं, हे म्हणणं या आकड्यांपुढे टिकत नाही.

परीक्षेने निवडणं थांबल्यावर निवड मात्र थांबली नाही. ती घराच्या पत्त्यात गेली. जवळ राहणाऱ्याला प्रवेश आधी, असा नियम असला की चांगल्या शाळेजवळचं घर महाग होणारच. सटन ट्रस्टने २०१७ मध्ये काढलेल्या हिशेबानुसार निकालात आघाडीवरच्या ५०० कॉम्प्रिहेन्सिव्हच्या परिसरात घरांच्या किमती सुमारे २० टक्के चढ्या होत्या. त्या शाळांत मोफत जेवणाला पात्र मुलं ९ टक्क्यांच्या आसपास, सरासरी कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये १७. ग्रामरमध्ये तेव्हा हे प्रमाण तीन टक्क्यांच्याही आत होतं. ग्रामर परत आणा म्हणणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा विसरू नये, आणि ‘आमच्या भागात निवड नाही’ म्हणणाऱ्यांनी आधीचे दोन.

लंडन आणि आसपासच्या स्लाव, हॅरो, सटन या भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे वाचून नवल वाटणार नाही. एकट्या स्लावमध्ये चार ग्रामर आहेत, आणि नऊ-दहा वर्षांच्या मुलांचे इलेव्हन-प्लसचे क्लास हा तिथल्या मराठी वाढदिवसांमधला ठरलेला विषय. मुलाला शाळा निवडायची वेळ आली, तर इंग्लंडच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर निकालाच्या शेजारीच मोफत जेवणाला पात्र मुलांचं प्रमाण, घरी दुसरी भाषा बोलणाऱ्यांचं प्रमाण आणि अकराव्या ते सोळाव्या वर्षात मुलांनी केलेली प्रगती दाखवणारा ‘प्रोग्रेस ८’ हा आकडा (२०२४ पर्यंतच्या निकालांसाठी) दिलेला सापडतो. आधी ते तीन रकाने वाचा, मग निकालाचा.